एका हाताचे प्रतिपिंड

करोनाच्या साथीने २०२० साली आपल्याला जे नवे शब्द शिकवले त्यांत 'अँटिबॉडी' हा एक होता. मराठीत तिला प्रतिपिंड म्हणतात. बाहेरून आलेल्या रोगजंतूला ओळखून त्याला चिकटणारे, शरीराने स्वतःच घडवलेले एक प्रथिन, एवढा अर्थ त्या काळात घरोघरी पोचला आणि प्रतिपिंड म्हणजे आपला राखणदार ही समजूत पक्की झाली. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. राखणदार कधी कधी घरच्याच माणसाला चोर समजून धरतो. अशा वेळी त्याच राखणदाराचा एक हात कापून घेतला, तर तो हात घराच्या उपयोगी पडेल काय? प्रश्न विचित्र वाटेल. पण प्रयोगशाळांमधून तो खरोखरच विचारला गेला आहे, आणि त्याची जी उत्तरे मिळाली ती सांगण्यासाठी हा लेख.

कलाशाखेच्या वार्षिक अंकात हे कशाला, असे कोणी विचारील. आमच्या मानसशास्त्राच्या अभ्यासात मज्जातंतूंचे प्रकरण आहे, हे एक कारण झाले. दुसरे कारण घरचे आहे. माझ्या आत्याची पापणी संध्याकाळ झाली की खाली येई. सकाळी धुणी-भांडी, झाडलोट सगळे करणारी ही बाई रात्री जेवायला बसली की भाकरीचा घास चावता चावता थांबे आणि हनुवटीला हात लावून जबडा वर धरी. सकाळी धडधाकट आणि संध्याकाळी गळाठलेली, हे पाहून घरात कोणी तिला कामचुकार म्हटले, कोणी बाहेरचे बघून आणले, एका डॉक्टरांनी चष्मा दिला. यात दोन वर्षे गेली. पुढे जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा कागदावर 'असिटिलकोलीन रिसेप्टर अँटिबॉडी' अशी ओळ आली. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. ओळ वाचता आली, अर्थ मात्र कोणालाच सांगता येईना. तो शोधता शोधता जे वाचनात आले त्यातून पुढील माहिती जुळवली आहे.

या रोगाचे नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. स्नायू दुबळे होतात, पण दोष स्नायूत नसतो आणि मज्जातंतूतही नसतो. तो दोघांच्या मधल्या जागेत असतो. मज्जातंतू स्नायूपर्यंत येतो खरा, पण त्याला टेकत नाही. दोघांमध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट राहते. एका मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यांतला एक, एवढी ती फट. मेंदूचा हुकूम तंतूच्या टोकाशी आला की तेथून असिटिलकोलीन नावाचे द्रव्य फटीत सांडते आणि पलीकडे स्नायूच्या त्वचेवर बसवलेल्या रेणूंना जाऊन भिडते. या रेणूंना ग्राही म्हणतात. हा ग्राही पाच प्रथिनांच्या कड्यासारखा असतो. कड्याच्या मधोमध दार, आणि पाचांपैकी दोन घटक, ज्यांना अल्फा म्हणतात, त्यांच्या कुशीत असिटिलकोलीनला बसायच्या दोन खोबणी. दोन्ही भरल्या की दार उघडते, सोडियमचे कण आत घुसतात आणि स्नायू आकसतो. काम होताच एक विकर, म्हणजे एन्झाइम, असिटिलकोलीनचे तुकडे करून फट पुन्हा मोकळी करते. पापणी उचलायची असो की घास चावायचा असो, दर वेळी एवढे सगळे घडते, आणि ते निमिषाच्याही आत घडते.

लंडनजवळच्या ग्रिनिच येथील सेंट आल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर होत्या. मायस्थेनियाचा रोगी आणि क्युरारे या विषाने लुळा पडलेला माणूस यांच्यात साम्य आहे हे त्यांनी हेरले, आणि क्युरारेवर चालणारे फायसोस्टिग्मीन १९३४ साली आपल्या रोग्याला टोचून पाहिले. पडलेली पापणी काही काळ वर आली. हे औषध वर सांगितलेल्या विकराला रोखते, त्यामुळे असिटिलकोलीन फटीत जास्त वेळ टिकते. आज ज्या पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्या देतात त्या याच कुळातल्या. गोळीचा अंमल असेतो बरे वाटते. रोग जागच्या जागी राहतो. मग मुळात बिघडते काय? त्याचा पत्ता लागायला आणखी चाळीस वर्षे लागली, आणि तो लागला एका सापामुळे.

हा साप तैवानमधला, आपल्या मण्याराचा भाऊबंद. त्याच्या विषातून चांग आणि ली या तिथल्या दोन संशोधकांनी १९६३ साली एक घटक वेगळा काढला. असिटिलकोलीनच्या ग्राहीवर तो असा घट्ट बसतो की सहजी सुटतच नाही. आपल्याकडच्या नागाच्या विषातही याच जातीचे द्रव्य असते. नाग चावल्यावर माणसाच्या पापण्या आधी मिटू लागतात हे आमच्या गावाकडे शेतावर राबणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. त्यामागचे कारण हे. संशोधकांनी मात्र या विषाचा उपयोग मोजदादीसाठी केला. विषाला किरणोत्सारी आयोडिनची खूण लावायची आणि स्नायूवर सोडायचे. जितके विष चिकटले तितके ग्राही. फॅमब्रो, ड्रॅकमन आणि सत्यमूर्ती या तिघांनी अमेरिकेत बाल्टिमोर येथे मायस्थेनियाच्या रोग्यांचे स्नायू असे मोजून पाहिले. निरोगी माणसाच्या मानाने तेथे ग्राही एक तृतीयांशाहूनही कमी भरले. हे १९७३ साली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशाच्या अंगातून शुद्ध केलेले ग्राही सशांना टोचले. त्या परक्या ग्राहींविरुद्ध सशांनी प्रतिपिंडे बनवली आणि ससे लुळे पडले. सशाच्या शरीराने माशाचा ग्राही परका म्हणून ओळखला खरा, पण स्वतःचा ग्राही त्याच्यासारखाच दिसत असल्याने त्यालाही सोडले नाही. दोन वर्षांनी माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडे उंदरांना देऊन त्यांच्यातही हीच दुर्बलता आणून दाखवली गेली. चोर कोण ते ठरले. सर्व अंगात रोग पसरलेल्या रोग्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांच्या रक्तात ग्राहीविरोधी प्रतिपिंडे सापडतात.

आता प्रतिपिंडाचे अंग पाहू. आकाराने ते इंग्रजी वाय अक्षरासारखे असते: वर दोन हात, खाली एक शेपटी. पकडायचे काम हातांचे. दोन्ही हात अगदी एकसारखे, म्हणून एक प्रतिपिंड एकाच वेळी दोन सारख्या वस्तू धरू शकते. शेपटी स्वतः काही पकडत नाही. ती हाकाटी करते, म्हणजे रक्तातल्या इतर मारेकरी प्रथिनांना बोलावते.

हे हात तोडता येतात हे इंग्लंडमधील रॉडनी पोर्टर यांनी १९५९ साली दाखवले. त्यांचे हत्यार होते पपेन. मटण लवकर शिजावे म्हणून आपल्याकडे कच्ची पपई लावतात, तिच्या चिकातलेच हे द्रव्य. सशाच्या प्रतिपिंडांवर पपेन सोडले तेव्हा त्यांचे तीन तुकडे झाले, दोन हात आणि एक शेपटी. सुट्या हाताला फॅब असे नाव पडले. पूर्ण प्रतिपिंडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे त्याचे वजन असते. तो आपली वस्तू ओळखतो, तिला चिकटतो, पण दोन वस्तूंना एकत्र ओढण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. पोर्टर यांना १९७२ साली एडेलमन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पपेनऐवजी जठरातले पेप्सिन वापरले तर शेपटी जाते आणि दोन्ही हात जोडलेलेच राहतात. सर्पदंशावर आपल्याकडे जी प्रतिविष लस टोचतात, मुंबईच्या हाफकिनमध्ये जी अनेक वर्षे तयार होत आली, तिच्यात घोड्याच्या प्रतिपिंडांचे असेच पेप्सिनने साफ केलेले तुकडे असतात. प्रतिपिंडाचा तुकडा ही काही सातासमुद्रापलीकडची वस्तू नव्हे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ती कपाटात असते.

ग्राहीवर बसलेले प्रतिपिंड नेमकी इजा कशी करते? प्रथमदर्शनी वाटते की ते असिटिलकोलीनची वाट अडवत असेल, नागाच्या विषासारखे. काही प्रतिपिंडे तसे करतातही. पण बहुतेक करीत नाहीत. ती खोबणीपासून दूर बसतात. काही इजा शेपटीमुळे होते: हाकाटी ऐकून आलेली प्रथिने स्नायूच्या त्वचेला भोके पाडतात. आणि काही इजा होते ती दोन हातांमुळे. ड्रॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली केलेला प्रयोग या बाबतीत मला फार आवडतो, कारण त्यात युक्ती साधी आहे आणि निकालात संशयाला जागा नाही.

त्यांनी काचेच्या भांड्यात स्नायूपेशी वाढवल्या. पेशी जुने ग्राही आत ओढून मोडून टाकते आणि नवे बसवते. हे नेहमीचेच चालते. रोग्यांची प्रतिपिंडे घातल्यावर ही मोडतोड दोन ते तीन पटींनी वाढली. मग शेपटी काढून दोन हात जोडलेले ठेवले; तरी वाढली. म्हणजे शेपटीचा दोष नाही. मग सुटा हात, फॅब घातला. तो ग्राहीवर बसला, पण मोडतोड वाढली नाही. आता खरी मेख पुढे आहे. ग्राहींवर फॅब बसलेले असतानाच त्यांनी आणखी एक प्रतिपिंड घातले, ते असे की दोन फॅबना पकडून एकत्र बांधील. लगेच मोडतोड पुन्हा वाढली! दोन बैलांच्या मानेवर जू असले म्हणजे त्यांना एकत्र हाकता येते; जू मधोमध कापले तर तुकडा एकेकाच्या मानेवर राहील, पण बैल मोकळे. तुकडे पुन्हा बांधा, बैल पुन्हा जुंपले गेले. शेजारचे दोन ग्राही असे जुंपले गेले की पेशी त्यांना निकामी समजून आत ओढते. नुसते चिकटणे निरुपद्रवी होते, जोडणे घातक.

येथून पुढचा विचार कोणालाही सुचेल, पण तो करून दाखवण्याचे श्रेय ग्रीसच्या सॉक्रेटीस झार्टोस यांचे. लिंडस्ट्रॉम यांच्याबरोबर काम करताना त्यांना दिसले होते की ग्राहीविरोधी प्रतिपिंडे वाटेल तेथे बसत नाहीत. अल्फा घटकाच्या बाहेरच्या टोकावर एक ठराविक जागा आहे आणि पुष्कळशी प्रतिपिंडे तिच्यावरच गर्दी करतात. त्या जागेवर बसणाऱ्या एका प्रतिपिंडाचा हात तोडून झार्टोस यांनी आधी पेशींवर सोडला आणि नंतर रोग्यांचा रक्तद्रव घातला. या प्रयोगाचा निबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. ग्राहींची मोडतोड बऱ्याच प्रमाणात टळली होती.

एस.टी.च्या गर्दीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. फॅबने नेमके हेच केले. रुमाल स्वतः प्रवास करीत नाही, भांडत नाही, कोणाला खेचत नाही. पण तो पडला की दुसऱ्याला बसता येत नाही. आणि ही जागा ड्रायव्हरची नाही. असिटिलकोलीनच्या खोबणी तिथून दूर, खालच्या अंगाला आहेत, त्या रिकाम्याच राहतात. त्यामुळे गाडी चालू शकते. ही बैठक प्रत्यक्ष कशी दिसते हे २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने रेखाटले. फॅब ग्राहीच्या टोकावर उभा असतो, स्नायूच्या त्वचेपासून सरळ वर, खुंटी ठोकल्यासारखा. त्यावरून हेही कळते की पूर्ण प्रतिपिंडाचा दुसरा हात शेजारच्या ग्राहीकडे का वळतो: त्याच ग्राहीची दुसरी जागा त्याला सोयीने गाठता येत नाही.

झार्टोस यांच्या प्रयोगातून एक गोष्ट आपोआप सिद्ध झाली आणि ती मला औषधापेक्षा मोलाची वाटते. प्रत्येक रोग्याची प्रतिपिंडे निराळी असतात. तरीही एकच जागा झाकली आणि निरनिराळ्या रोग्यांच्या रक्ताने होणारे नुकसान कमी झाले. याचा अर्थ निरनिराळ्या माणसांची शरीरे बहुतांशी एकाच जागी चुकतात. असे का, हे कोडे त्यानंतर अनेकांच्या अभ्यासाचा विषय झाले.

मग हा रुमाल औषध म्हणून बाजारात का आला नाही? वाचणाऱ्याच्या मनात हा प्रश्न येणारच. एक अडचण अशी की सुटा हात लहान असल्याने मूत्रपिंडातून लवकर गळून जातो. रक्तातले सर्वसामान्य प्रतिपिंड तीन आठवडे टिकते, फॅब एखादा दिवसही धड टिकत नाही. शिवाय दोन हातांनी धरलेली पकड घट्ट असते, एका हाताची सैल. बस हलली की रुमाल सरकायचा. दीर्घायुष्याचे गुपित शेपटीत असते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी रक्तातली प्रथिने गिळून मोडत असतात, पण एक वेगळा ग्राही प्रतिपिंडाची शेपटी ओळखून त्याला मोडीतून वाचवतो आणि परत रक्तात सोडतो. हे कळल्यावर संशोधकांनी डाव उलटा टाकला. हाताऐवजी त्यांनी शेपटीचाच तुकडा घेतला, तो जास्त घट्ट बसेल असा बदलला आणि या वाचवणाऱ्या ग्राहीवर बसवून दिला. जागा अडल्यामुळे शरीरातली प्रतिपिंडे, चांगली आणि वाईट दोन्ही, वाचेनाशी होतात आणि त्यांची संख्या घटते. एफगार्टिजिमॉड नावाच्या या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. चांगल्या प्रतिपिंडांनाही त्यात झळ बसते, हा त्याचा उणेपणा उघड आहे. पण रोग्याची पापणी उचलली जाते.

उंटाचा उल्लेख न करता हे प्रकरण पुरे करता येणार नाही. उंटाच्या रक्तात नेहमीच्या प्रतिपिंडांखेरीज एक सुटसुटीत जात असते, जिचा पकडणारा भाग एकाच घडीचा असतो. ब्रुसेल्सच्या संशोधकांनी १९९३ साली ती प्रसिद्ध केली. तेवढीच घडी वेगळी काढली तर तिचे वजन पूर्ण प्रतिपिंडाच्या दहाव्या हिश्श्याइतके भरते. जेथे फॅबचा मोठा देह शिरत नाही अशा फटींत हा चिमुकला तुकडा शिरतो, म्हणून मज्जासंस्थेच्या ग्राहींवर त्याचे प्रयोग आज जोरात आहेत.

येथपर्यंत वाचून कोणाचा असा समज होईल की दोन हात वाईट आणि एक हात चांगला. तो समज २००१ नंतरच्या संशोधनाने पार उलटवला. ज्या रोग्यांच्या रक्तात असिटिलकोलीनच्या ग्राहीविरुद्ध काहीच सापडत नव्हते, त्यांच्यातील काहींमध्ये त्या वर्षी मस्क नावाच्या दुसऱ्याच ग्राहीविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. मस्कचे काम मुकादमाचे: असिटिलकोलीनच्या ग्राहींना फटीसमोर एकत्र जमवून ठेवायचे. तो कामाला लागतो कधी, तर शेजारचे एक साथीदार प्रथिन येऊन मस्कला भिडते आणि दोन मस्क एकमेकांशी जोडले जातात तेव्हा. म्हणजे येथे जोडणी हीच कामाची सुरुवात. या रोग्यांची प्रतिपिंडे ज्या पोटजातीची असतात तिची एक खोड आहे. ती मधोमध उकलतात आणि रक्तातल्या दुसऱ्या प्रतिपिंडांशी आपला अर्धा भाग बदलून घेतात. बदलाबदलीनंतर एक हात मस्कला पकडणारा आणि दुसरा भलत्याच कशाला तरी पकडणारा, असे मिश्रण तयार होते. मस्कच्या दृष्टीने ते एका हाताचेच प्रतिपिंड. ते मस्कवर बसते, साथीदाराला भिडू देत नाही, दोन मस्कना जोडतही नाही. मुकादम बसून राहतो आणि मजूर पांगतात.

हॉलंडमधील लायडन येथील संशोधकांनी २०२१ साली तीच प्रतिपिंडे एका हाताची आणि दोन हातांची अशी दोन्ही रूपे बनवून उंदरांना दिली. एका हाताच्या प्रतिपिंडांनी उंदीर लवकर आणि जास्त आजारी पडले. दोन हातांच्या प्रतिपिंडांनी पेशींमधले मस्क उलट जोडून कामाला लावले होते. जो तुकडा एका ग्राहीवर ढाल होता तोच दुसऱ्या ग्राहीवर रोग झाला, कारण पहिल्याला जोडणी मारक होती आणि दुसऱ्याला ती पोषक आहे.

रोग्याच्या दृष्टीने हा फरक पुस्तकी नाही. मस्कच्या रोग्यांना पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्या बहुधा मानवत नाहीत, कधी त्रासच वाढतो. पापणी तशीच पडते, घास तसाच अडकतो, बाहेरून पाहणाऱ्याला दोघांत काही भेद दिसत नाही. म्हणून असिटिलकोलीन ग्राहीची तपासणी नकारार्थी आली, तरी रोग नाही असे म्हणून रोग्याला घरी पाठवीत नाहीत. त्याच रक्तावर मस्कची दुसरी तपासणी करण्यास सांगतात.